फ्राइड राइसचा गिचका होतोय? आधी शीत दाबून बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी मेस आहे आणि शनिवारी रात्री पोरांना फ्राइड राइस लागतोच. त्यामुळे बिघडलेला फ्राइड राइस माझ्यासमोर दोन वाटांनी येतो. एक माझ्याच स्वयंपाकघरातून, हाताखाली नवीन आलेल्या बाईकडून. दुसरा शेजारपाजारच्या घरांतून, डब्यात भरून. "काकू, बघा की, ह्याला काय झालंय?" तक्रार ठरलेली असते: गाडीवर मिळतो तसा सुटा, फडफडीत होत नाही, खिचडीसारखा बसतो. आणि दोष सॉसवर नाहीतर गॅसवर टाकलेला असतो.

गॅसचा दोष असतो, पण फार क्वचित. बहुतेक वेळा भानगड पाण्याची असते. ते भातातच जास्त राहिलेलं असतं, भाज्यांवरून आलेलं असतं, नाहीतर कढईतून उडून जायला त्याला वाव मिळालेला नसतो. पाणी कुठून आलं हे कळलं की दुरुस्ती सोपी आहे. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या फुकटच्या आहेत, मधल्यांना थोडा वेळ लागतो, शेवटच्यांना पैसे. सरळ उठून नवीन कढई आणायला जाऊ नका.

लक्षणं

आधी आपला बिघाड कोणता ते ओळखा, म्हणजे कुठली तपासणी जास्त नीट करायची ते कळेल.

भात कढईत पडल्या पडल्या त्याचे गोळे होतात आणि ते उलथण्याला चिकटून वर येतात. बहुधा भात गरम आहे, किंवा तांदूळ नीट धुतला नव्हता.

शितं मोडून कणी होते, सगळं एकजीव होतं. भात जास्त शिजलाय, नाहीतर तांदूळच नवा आहे.

भात टाकेपर्यंत ठीक असतं, मग तळाशी पाणी दिसायला लागतं, भाज्या मऊ पडतात आणि परतल्याच्या ऐवजी उकडलेल्या कोबीचा वास येतो. भाज्या ओल्या होत्या किंवा घाणा मोठा घेतला.

खाली करपतो आणि वर ओलाच राहतो. कढई बघा.

पहिला घाणा छान उतरतो, दुसरा बिघडतो. मधे कढई पुन्हा तापू दिली नाही.

मोकळा होतो पण काळपट, खारट आणि ओलसर लागतो. सॉस जास्त झाला.

सगळं बरोबर करूनही परतल्याचा चुर्र आवाज येत नाही, ज्योत पिवळी दिसते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते. मग मात्र शेगडी.

शीत दाबा

ही तपासणी कढई गॅसवर ठेवायच्या आधीची. गार भातातलं एक शीत अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. त्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत आणि बोट जवळजवळ कोरडं राहावं. शीत चिरडून बोटावर पांढरा थर पसरला, तर तो भात फ्राइड राइसच्या कामाचा नाही. शीत फुटून आतला स्टार्च बाहेर आलेला असतो आणि गरम कढईत तो खळीसारखा सगळ्या शितांना चिकटवून टाकतो. आच वाढवा, तेल वाढवा, तो सुटणार नाही.

मागे वरच्या मजल्यावरची पोरगी डबा घेऊन आली होती. तांदूळ चांगला बासमती होता. एक शीत तळहातावर घेऊन तिला दाखवलं: दोन्ही टोकं फाटून मागे वळलेली, मधला भाग फुगून पोकळ झालेला. बासमती जास्त शिजला की अगदी असाच दिसतो. विचारल्यावर कळलं, सकाळी वरणाच्या डब्यावरच भाताचा डबा ठेवून कुकर लावला होता. तूरडाळ शिजायला चार शिट्ट्या लागतात, तेवढ्यात भाताचं काय होतं ते तळहातावर दिसतच होतं.

आपल्या घरांत हा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो. वरण-भाताच्या कुकरमधला उरलेला भात वरणाशी कालवायला चांगला असतो, कारण तो मऊ असतो. फ्राइड राइसला तोच मऊपणा नडतो. भात मऊ निघाला तर इथेच थांबा आणि त्याचा दहीभात करा. दही, थोडं दूध, मीठ, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. रात्रीचं जेवण होतं आणि अन्नही वाया जात नाही. फ्राइड राइस दुसऱ्या दिवशी.

भात गार झालाय का

शीत ठीक असेल तर भाताला हात लावून बघा. कोमट असला तरी तो अजून तयार नाही. गरम भाताच्या अंगावर वाफेचं पाणी असतं आणि आतला स्टार्च अजून मऊ असतो. भात गार होतो तसा हा स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, शीत टणक होतं आणि उलथण्याचा मार सोसतं. म्हणून फ्रिजमधला आदल्या दिवशीचा भात इतका चांगला परतला जातो.

आजच भात केलाय आणि आजच खायचं आहे? परातीत पसरा. थर बोटाच्या एका पेरापेक्षा जाड नको. वर पंखा लावा. अर्ध्या तासात वरचं पाणी सुकतं आणि भात परतण्याजोगा होतो. पातेल्यातच झाकून ठेवलात तर तासाभरानेही मधला भात वाफाळतच असेल. झाकणावरची वाफ पाणी होऊन पुन्हा भातावर पडते, ते वेगळंच. फ्रिजमधला भात घेत असाल तर गोळे कढईत फोडू नका. हाताला चमचाभर तेल लावून परातीतच मोकळे करा. गार गोळा कढईत उलथण्याने फोडायला गेलं की शितं मोडतात.

आता ह्याच भाताबद्दलची एक गोष्ट, जिच्यात मी कोणालाही सूट देत नाही. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री फ्राइड राइसला घ्यायचा नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर मुळीच नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलटी करवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे मोठ्या आचेवर कितीही परतलं तरी भात सुरक्षित होत नाही. "वास तर येत नाहीये" हा पुरावा होत नाही, विष असलेल्या भाताला वास असायलाच हवा असं नाही.

मेसमधला नियम सांगते: भात शिजला की परातीत पसरायचा, गार झाला की तासाभराच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. परतताना सगळीकडून वाफ निघेपर्यंत तापवायचा. एकदा परतलेला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा तापवायचा नाही. बाहेर राहिलेल्या भाताबद्दल शंका आली तर टाकून द्या. टाकवत नाही हे मला कळतं, पण टाका.

असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात, पोटात मुरडा येऊन जुलाब व्हायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो. जलसंजीवनी घोट घोट द्या. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, पाणी पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप आला असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

भाज्यांचं पाणी

मंडईत कांदापात, कोबी, कोथिंबीर टवटवीत राहावी म्हणून त्यावर पाणी मारतात. कपिलतीर्थवरून आणलेली कांदापातीची जुडी झटकून बघा, ओटा ओला होतो. मग घरी आपण धुतो, आणि धुतल्या धुतल्या चिरतो. म्हणून भाज्या चिरायच्या निदान अर्धा तास आधी धुवा आणि सुती कापडावर पसरून ठेवा. आयत्या वेळी धुवाव्याच लागल्या तर पंचात गुंडाळून दाबून घ्या. फ्रीझरमधला मटार असेल तर आधी सुटा करून, निथळून, पुसून. थेट बर्फासकट टाकला तर घाणा तिथेच गेला.

मीठ भाज्यांवर सुरुवातीला टाकू नका. मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर जे होतं तेच कढईत कोबीचं होतं. मीठ भात पडल्यावर.

फरसबी आणि गाजर अगदी बारीक चिरून आधी, मग कोबी आणि ढोबळी मिरची, कांदापातीचा हिरवा भाग गॅस बंद केल्यावर. एकूण भाजी भाताच्या निम्म्याहून जास्त नको. पोरांच्या पोटात भाजी जावी म्हणून आया ढीगभर कोबी घालतात, हेतू चांगला आहे, पण मग ती कोबीची भाजी होते. जास्तीची भाजी वेगळी परतून ताटात बाजूला वाढा.

घाणा केवढा

घरच्या मोठ्या बर्नरवर एका वेळी दोन ताटांपुरता भात, त्याहून जास्त नाही. चार माणसं असतील तर दोन घाणे. हे ऐकलं की लोकांना कंटाळा येतो, म्हणून कारण सांगते.

साध्या तापमानाचं, म्हणजे २५ अंशांच्या आसपासचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता त्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. गार भात आणि भाज्या कढईत पडल्या की कढई एकदम थंडावते. घाणा छोटा असेल तर घरचा बर्नर ती तूट भरून काढतो, पाणी सुटेल तसं उडत राहतं आणि चुर्र आवाज थांबत नाही. घाणा मोठा असेल तर पाणी सुटण्याचा वेग उडण्यापेक्षा जास्त होतो. आवाज बसतो, खदखद सुरू होते. तिथून पुढे तुम्ही भात परतत नसता, शिजवत असता.

म्हणून कान द्या. परतताना आवाज पडला तर उलथणं घाईने फिरवू नका. भात कढईच्या कडांवर पसरा, अर्धा मिनिट तसाच राहू द्या, मग हलवा. सतत ढवळल्याने शितं मोडतात आणि तळ तापायला वेळच मिळत नाही. झाकण तर कधीच ठेवायचं नाही. आणि दोन घाण्यांच्या मधे कढई रिकामी करून, पुसून, पुन्हा तापवायची. "पहिला जमला, दुसरा बिघडला" ह्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

सॉस आणि चटणी

दोन ताटांच्या घाण्याला सोया सॉस चहाचे दोन चमचे पुरे. रंग काळा यायला हवा ही समजूत सोडा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच. तो भाताच्या मधोमध ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, म्हणजे त्यातलं पाणी भातापर्यंत पोचायच्या आधी उडतं आणि वास खुलतो. व्हिनेगर अर्धा चमचा, अगदी शेवटी.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट होते: कांदा-लसूण चटणी. मला स्वतःला ती फ्राइड राइसमध्ये आवडते आणि पोरं तर मागून घेतात. पण ती तापलेल्या तेलात आधी घातली की क्षणात करपते, कारण तिच्यात सुकं खोबरं, तीळ, लसूण असतं आणि ही आच त्यांच्यासाठी फार आहे. करपलेला थर तळाला धरतो आणि पुढचा भात त्याला चिकटतो. भात परतून झाला, आच कमी केली, मग अर्धा चमचा भुरभुरा. खोबरं-तिळाचं तेल सुटतं, त्यामुळे आधीचं तेल तेवढं कमी घ्या. शेजवान चटणीलाही हाच नियम.

कढई

नॉनस्टिकमध्ये फ्राइड राइस होतो, पण खरा परतलेला होत नाही, आणि तिला मोठ्या आचेवर रिकामी तापवायची नसते. तो लेप साधारण २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर छातीला वाईट. मग आच मंद ठेवावी लागते आणि पाणी उडत नाही. पातळ ॲल्युमिनियमची कढई लवकर तापते, तितक्याच लवकर निवते.

लोखंडाची जाड कढई चांगली, बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, त्याहून चांगली. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या गावात बीड म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. ती तापायला वेळ घेते पण तापल्यावर उष्णता धरून ठेवते, आणि घरच्या बर्नरची जी कमी असते ती थोडीफार भरून काढते. बहुतेक घरांत आजीच्या काळची एखादी माळ्यावर असतेच. ती गंजलेली असली तर घासून, धुवून, कोरडी करून तेल लावून तापवा. दोन-तीनदा असं केलं की चिकटणं कमी होतं.

तापली की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब जागीच फसफसून आटला तर अजून वेळ आहे. गोळी होऊन पळाला तर कढई तयार आहे. मग कढई पुसून कोरडी करायची आणि त्यानंतरच तेल. इथे लाकडी घाण्याचं शेंगतेल नको, ते एवढ्या आचेला लवकर धुरावतं. रिफाइंड तेल घ्या.

भात शिजवण्याची रीत

इथपर्यंतच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि तरीही शीत पहिल्याच परीक्षेत नापास होत असेल, तर भात शिजवण्यापासून सुरुवात करावी लागेल.

तांदूळ पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. पोत्यात घासून दाण्यांना जे पीठ लागलेलं असतं ते निघून जायला हवं, तेच पुढे शितांना चिकटवतं. धुताना चोळू नका, दाणे तुटतात. मग वीस मिनिटं भिजवा. भिजलेला दाणा आतून-बाहेरून सारखा शिजतो. न भिजवलेला बाहेरून फाटेपर्यंत आत कच्चा राहतो.

फ्राइड राइससाठी मी कुकर वापरत नाही. गॅस बंद केल्यावर सगळी वाफ जिरेपर्यंत भात आत शिजतच राहतो आणि तो कधी थांबवायचा हे आपल्या हातात राहत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा, तांदळाच्या पाच-सहा पट तरी. त्यात मीठ आणि चमचाभर तेल. भिजवलेला तांदूळ निथळून उकळत्या पाण्यात सोडा. जुन्या बासमतीला सात-आठ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा शीत बघा: पाचव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक काढून दाबा. बाहेरून शिजलेलं आणि मधे टाचणीएवढा टणकपणा राहिलेला असेल त्या क्षणी वेळून घ्या. चाळणीतून पाणी गाळा, भात लगेच परातीत पसरा. चाळणीत ढीग करून ठेवलात तर स्वतःच्या वाफेत तो पुढे शिजतो आणि राखून ठेवलेला टणकपणा जातो.

वेळलेल्या पाण्यात जिरं आणि थोडं ताक घालून पेज प्या, ते पाणी चांगलं असतं.

आज संध्याकाळी ठरवून आजच करायचं असेल तर हिशेब असा: वीस मिनिटं भिजवणं, दहा मिनिटं शिजवणं, अर्धा तास पसरून ठेवणं, आणि त्या वेळात भाज्या. तासाभरात ताट वाढता येतं. भात आदल्या दिवशीचा असेल तर चिरण्यासकट वीस मिनिटं.

तांदूळ

आता पैसे लागतात, पण काही घरांत बिघाडाचं मूळ खरोखर इथेच असतं. कोल्हापुरात कितीतरी घरांत तांदूळ गावाकडून येतो: आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा. दिवाळीच्या सुमाराला नवं भात निघतं आणि त्याचा तांदूळ घरात येतो. नेमकं त्यानंतर माझ्याकडे डबे यायला लागतात. "गेल्या महिन्यापर्यंत चांगला होत होता, आता अचानक काय झालं?" अचानक झालेलं असतं ते एवढंच, की जुनं पोतं संपलेलं असतं.

नवा तांदूळ पाणी कमी ओढतो, लवकर शिजतो आणि चिकटतो. निदान वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त घेतो आणि शितं सुटी राहतात. म्हणून नव्या तांदळाचा फ्राइड राइस करायचाच नाही.

वाणही बघायला हवा. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असेल तर भात सुटा होतो, अमायलोपेक्टिन जास्त असेल तर चिकट. इंद्रायणी आणि आंबेमोहोर चिकट बाजूचे. आपला आजरा घनसाळ, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा वास घरभर पसरतो, साध्या वरणाबरोबर त्याच्यासारखा भात नाही. पण आखूड, मऊ दाण्याचा हा तांदूळ सोया सॉसमध्ये घालणं मला पटत नाही. वासही जातो आणि भातही बसतो. तो वरणासाठी, दुधासाठी ठेवा.

फ्राइड राइसला जुना बासमती घ्या किंवा जुना कोलम. कोलम स्वस्त पडतो आणि रोजच्याला पुरेसा आहे. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात "जुना द्या" म्हणून स्पष्ट मागा आणि मूठभर हातात घेऊन बघा. जुना तांदूळ थोडा पिवळसर दिसतो, नवा पांढराफेक. तुकडा किती आहे तेही बघा, कणी जास्त असेल तर ती आधी शिजून चिकटते. पहिल्यांदा किलोभरच आणा, करून बघा, मग पाच किलो.

फ्रिज

रात्रभर ठेवलेला भात सकाळी ओला, बुळबुळीत निघत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर भाताला दोष देऊ नका. आतलं तापमान ५ अंशांच्या आत हवं. दूधही लवकर नासतं का ते आठवून बघा. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि कपटा ओढा. सहज सरकून आला तर रबर सैल झालंय. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, फ्रिज खचाखच भरला असेल तर मोकळा करा, नॉब एक आकडा वर घ्या. एका दिवसात फरक पडला नाही तर मेकॅनिकला बोलवा. फ्रिजचा गॅस आणि कॉम्प्रेसर ही घरी हात घालायची गोष्ट नाही. तोपर्यंत उरलेला भात त्या फ्रिजवर विसंबून ठेवू नका.

शेगडी

शेवटी शेगडी. ज्योत निळी आणि टोकदार हवी. टोकाला पिवळी, लवलवती असेल किंवा बर्नरच्या एका बाजूला पेटतच नसेल, तर भोकं बुजली आहेत. दूध आणि भाताची पेज उतू जाऊन वाळली की असं होतं. रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार होऊ द्या, वरची टोपी काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, भोकं टाचणीने किंवा बारीक तारेने मोकळी करा, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. सिलिंडर संपत आलाय का तेही बघा, शेवटी आच उतरते. रबरी नळीवर छापलेलं साल वाचा, पाच वर्षं झाली असतील किंवा चिरा दिसत असतील तर ती बदलून घ्या.

तुमचं काम इथे संपतं. टोपी साफ करूनही ज्योत पिवळी राहिली, भांड्यांना काजळी धरत राहिली, ज्योत उडून उडून विझत असेल, नॉब घट्ट किंवा ढिला झाला असेल, तर शेगडी उघडू नका. जेट, व्हॉल्व्ह आणि नॉब हे गॅस एजन्सीच्या मेकॅनिकचं काम आहे. बाहेरून कोणालाही बोलावण्यापेक्षा आपल्या एजन्सीला फोन करून मेकॅनिक मागवा.

गॅसचा वास आला तर फ्राइड राइस विसरा. सगळे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी ओढू नका, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा. मग बाहेरून १९०६ वर फोन करा. एलपीजीसाठीचा हा आणीबाणीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि गाडीवाल्याची भट्टी बघून तसला मोठ्या दाबाचा बर्नर किंवा रेग्युलेटर घरच्या सिलिंडरला जोडायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्यांना हात जोडून सांगते, नको. घरचा रेग्युलेटर ठरावीक कमी दाबाने गॅस सोडतो, आपली नळी आणि शेगडी त्याच दाबासाठी बनवलेली असते. गाडीवरची शेगडी, तिची नळी, रेग्युलेटर आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर ही सगळी जोडणीच वेगळी असते आणि ती उघड्यावर चालते. तुमच्या बंद स्वयंपाकघरात दोन ताटांचा छोटा घाणा, कोरडी भाजी आणि जुना तांदूळ एवढ्यावर काम भागतं.